अल्पमूत्रतेला साक्षीदार हवा

अल्पसरांनी आयुष्यात भरपूर म्हणावी अशी एकच गोष्ट केली, ती म्हणजे ‘अल्प’.

ग्रीक भाषेत ‘ऑलिगो’ नावाचा एक उपसर्ग आहे. अर्थ एवढाच की थोडके, मोजके. डॉक्टर लोक तो कशालाही लावतात. लघवी कमी झाली, ऑलिग्युरिया. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी कमी पडलं, ऑलिगोहायड्रॅम्निओस. पुरुषाच्या वीर्यात बीज मोजकंच निघालं, ऑलिगोस्पर्मिया. जन्मतःच बरेचसे दात आलेच नाहीत, ऑलिगोडोन्शिया. मेंदूतल्या एका बिचाऱ्या पेशीला फांद्या कमी, म्हणून ती ऑलिगोडेंड्रोसाइट. जे काही कमी असेल त्याला हे असं लांबलचक नाव मिळतं, म्हणजे पेशंटच्या पदरात निदान नाव तरी भरपूर पडतं.

सर कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. तरुणपणी कुणीतरी त्यांना वैद्यकीय परिभाषा समितीवर घेतलं आणि ‘ऑलिगो’चं सगळं कुटुंब त्यांच्या गळ्यात टाकलं. पुढे बसणाऱ्यांनी हृदय आणि रक्त आधीच वाटून घेतलं होतं. सरांच्या वाट्याला कमतरता आली. पण सरांनी तिचं सोनं केलं, निदान त्यांना तसं वाटलं. अल्पमूत्रता, अल्पगर्भजलता, अल्पबीजता, अल्पदंतता, अल्पशाखी पेशी. एकेका शब्दापायी त्यांनी एकेक सुट्टी घालवली. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव अल्पसर ठेवलं. ते चिडवण्यासाठी आहे हे सरांना कधी कळलं नाही. पदवी मिळाल्यासारखे ते त्या हाकेला ओ देत.

घरात मात्र त्यांचं फारसं चालायचं नाही, कारण घरात टेलरबाई होत्या. टेलरबाई म्हणजे सरांची बायको. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कपाटभर कापडं, उभा आरसा आणि गळ्यात कायम टेप. माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहायचं. बाई टेप सैल सोडून थांबायच्या. ‘सोडा श्वास. कपडा पोटावर बसायचाय, अब्रूवर नाही,’ असं म्हणायच्या. कुणाला बरं वाटावं म्हणून त्यांनी कधी अर्धा इंच इकडचा तिकडे केला नाही. माणसं थोडी दुखावून जायची आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायची, कारण कपडा बसायचा.

सरांच्या शब्दांनाही त्यांनी तोच टेप लावला होता. नवा शब्द तयार झाला की सर तो घेऊन मशीनपाशी येत आणि उभे राहत.

‘कसा वाटतो?’

‘काखेत घट्ट आहे,’ बाई सुईत दोरा ओवत म्हणायच्या. ‘हा घालून माणसाला हात हलवता येणार नाही.’

सर हिरमुसून आत जायचे. थोड्या वेळाने आतून तोच शब्द मोठ्याने म्हणून पाहिल्याचा आवाज यायचा, वेगवेगळ्या चालींत. मशीनची खडखड आणि आतून ‘अल्पगर्भजलता, अल्पगर्भजलता’. असा त्यांचा संसार.

समिती वाचनालयाच्या माडीवर भरायची. लांब टेबल, वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देणारा पंखा, चहा आणि मऊ पडलेली बिस्किटं. तिथला सरांचा जन्मजात वैरी म्हणजे भाषा शिकवणारे एक प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं की ‘ऑलिगो’ला ‘अल्प’ नव्हे, ‘विरल’ म्हणावं. बायकांची पाळी लांबलांबच्या अंतराने येते त्याला ऑलिगोमेनोरिया म्हणतात. तिथे अल्प काय आहे, सांगा, हा त्यांचा हुकमाचा एक्का. म्हणून ते विरलराव. दोन पुरुषांनी बायकांच्या पाळीवर इतकी वर्षं वाद घातला आणि घरी जाऊन एकाही बाईला विचारलं नाही, यातच समितीची कार्यपद्धती आली. अध्यक्ष बदलले, पंखा बदलला, उपसर्ग तिथेच.

याच वादात सरांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. विरलरावांची कोंडी करायला म्हणून त्यांनी एक नियम मंजूर करून घेतला. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करायचं आणि शब्द त्यावर आधी पेन्सिलीने लिहायचा. समितीबाहेरच्या माणसाने तो कुणी न शिकवता, न सुचवता, आपणहून बोलण्यात वापरला, तरच तो शाईने गिरवायचा. कुटुंबातला एक शब्द शाईत गेला की सगळं कुटुंब पक्कं. विरलरावांनी लगेच आपल्या मेव्हण्याला बोलायला लावलं, तेव्हा सरांनी पोटनियम जोडला की बोलणारा माणूस सदस्याचा नातेवाईक नसावा. त्या दिवशी सर लढाई जिंकल्यासारखे घरी आले होते.

तेव्हापासून दोघांचीही कार्डं पेन्सिलीतच पडून होती. बाहेरचा माणूस ‘अल्पमूत्रता’ म्हणेना आणि ‘विरलमूत्रता’ तर त्याच्या स्वप्नातही येईना. माणसं आपली ‘लघवी कमी होतेय’ म्हणायची, औषध घ्यायची आणि बरी व्हायची. कार्डावरची पेन्सिल पुसट झाली की सर ती पुन्हा गिरवायचे, पेन्सिलीनेच. नियम म्हणजे नियम.

मग वरच्या कार्यालयाला जाग आली. इतकी वर्षं ही मंडळी माडीवर चहा पितात, हे तिथल्या कुणाच्या तरी लक्षात आलं. समिती बंद करायची, महिनाअखेर जे शब्द शाईत असतील तेवढे कोशात छापायचे, बाकी ठिकाणी ग्रीक शब्द आहे तसा ठेवायचा, असा हुकूम निघाला.

सर घरी येऊन खुर्चीत बसले. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

‘म्हणजे मी काहीच केलं नाही, असं छापून येणार,’ ते म्हणाले.

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण सरांचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं आणि मशीनचं चाक फिरवलं. उत्तर गिळायची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सर शिकारीला निघाले. दवाखान्यांच्या बाकांवर जाऊन बसायचं, कुणाच्या तोंडून शब्द पडतो का ते ऐकायचं, आणि पडत नसेल तर, नियमाला धक्का न लावता, माणसाला शब्दाच्या जवळ नेऊन सोडायचं. दातांच्या दवाखान्यात त्यांनी एका आईला विचारलं, ‘तुमच्या मुलीला दात फारच कमी आलेत. याला एका शब्दात काय म्हणाल?’ ती म्हणाली, ‘बोळकं.’ सोनोग्राफी केंद्रात एका गरोदर मुलीजवळ त्यांनी पाण्याचा विषय काढला, तेव्हा तिच्या सासूने त्यांना दारापर्यंत पोहोचवलं. मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या दवाखान्यात ते एका तरुणाशेजारी सरकून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘मोजकेच आहेत का?’ तिथल्या रखवालदाराने त्यांना एकही शब्द न वापरता समजावलं.

ऊन रणरणत होतं आणि सर वणवण फिरत होते. वाटेत पाणी प्यायचे नाहीत, कारण आपण लघवीला उठलो आणि नेमकं तेव्हाच कुणी बोललं तर काय करायचं. या सगळ्या खटाटोपात आपणहून बोलले ते फक्त त्यांचे गुडघे. ते बोलायला लागले की खिशातली दुखण्याची गोळी काढायची आणि रिकाम्या पोटी कोरडीच गिळायची. गोळ्या संपल्या की नव्या आणायच्या.

आणि एके दिवशी सरांच्या लक्षात आलं की आपल्यालाच लघवी कमी होतेय.

साधा माणूस घाबरला असता. सरांना आनंद झाला. ज्या शब्दाच्या मागे ते गावभर फिरत होते, तो त्यांच्याच घरी चालत आला होता. आता फक्त घाई करून चालणार नव्हतं. अर्धवट अवस्थेत डॉक्टरकडे गेलो तर तो ‘जरा कमी आहे’ म्हणून मोकळा होईल. व्याख्येत नीट बसलं पाहिजे, म्हणजे त्याला दुसरा शब्दच उरणार नाही. दिवसभरात चारशे मिलिलिटरपेक्षा कमी, ही व्याख्या त्यांनी जन्मभर शिकवली होती. निवृत्तीच्या वेळी प्रयोगशाळेतून आणलेलं काचेचं मोजपात्र त्यांनी बाथरूममध्ये बादलीमागे दडवलं आणि रोज उजेडात धरून पाहू लागले. पातळी उतरत होती तसा त्यांचा उत्साह वाढत होता. स्वतःच्या किडनीने आपल्याला साथ दिली याचं इतकं समाधान आजवर कुठल्या पेशंटला झालं नसेल.

बाईंचं लक्ष पायांकडे गेलं. मोज्यांचं इलॅस्टिक घोट्यावर रुतून खाच पडली होती. त्यांनी गळ्यातला टेप काढून घोट्याला लावला.

‘हे तुमचं माप नाही,’ त्या म्हणाल्या. ‘सुजलेत पाय.’

‘उन्हाने सुजतात.’

‘लघवी नीट होतेय ना?’

सर छताकडे पाहत म्हणाले, ‘होते की.’ व्याख्येत बसायला थोडंच राहिलं होतं.

व्याख्येत बसले त्या दिवशी ते एकटेच दवाखान्यात गेले. चालताना तोल जात होता. तरुण डॉक्टरांसमोर बसून त्यांनी तोंडी परीक्षा दिल्यासारखी सगळी लक्षणं क्रमाने सांगितली आणि आशेने त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

‘ऑलिग्युरिया,’ डॉक्टर म्हणाले.

‘आपल्या भाषेत?’

‘काका, आपल्या भाषेत सांगायचं तर किडनी बंद पडायला आलीय. घरी कोण आहे? आधी फोन करा.’

बाई गळ्यातल्या टेपसकट हॉस्पिटलात पोहोचल्या. कमी पाणी, भरमसाट गोळ्या आणि ऊन, असं डॉक्टरांनी त्यांना कारण सांगितलं. सुदैवाने वेळेत आले, असंही म्हणाले. सरांचे कपडे आणायला म्हणून बाई घरी परतल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि बादली सरकवताच त्यांना ते काचेचं पात्र दिसलं. आत तळाला थोडं गडद पिवळं पाणी होतं. कॉलेजच्या पात्रात सर काय मोजत होते आणि कशासाठी, हे त्यांना समजायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं त्या या माणसाबरोबर राहत होत्या. आधी त्यांना असा संताप आला की पात्र भिंतीवर फेकावं. मग त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि रडल्या. नवरा मरेल याची भीती वाटत होती, आणि तो एका उपसर्गापायी मरेल, हे लोकांना सांगायचं कसं, याचीही.

‘मरायला निघाला होतात,’ वॉर्डात शिरताच त्या म्हणाल्या.

‘कार्यासाठी,’ सर म्हणाले. त्यांचा आवाज पार खोल गेला होता.

‘कार्यासाठी म्हणे. दहाव्याचं कार्य मलाच करावं लागलं असतं.’

सरांना सलाईन लावलं. लघवीसाठी नळी घातली. तिची पिशवी पलंगाच्या कडेला लटकत होती आणि तिच्यावर आकड्यांच्या रेघा होत्या. सिस्टर येऊन वाकून रेघ बघायची, नोंद करायची आणि निघून जायची. बाई स्टुलावर बसून त्या पिशवीकडे टक लावून राहिल्या. जन्मभर त्यांनी मापं घेतली, पण घेतलेलं माप वाढावं अशी इच्छा त्यांनी कधी केली नव्हती. आता त्या मनातल्या मनात रेघेला वर ढकलत होत्या. पिशवी ढिम्म होती.

दुपारी सर डोळे मिटून पडले होते. सिस्टर वाकली, रेघ पाहिली आणि काही न बोलता सरळ झाली. बाईंना ते सहन झालं नाही.

‘अहो सिस्टर, अल्पमूत्रता उतरेल ना ह्यांची?’

‘काय उतरेल?’

‘लघवी हो. होईल ना नीट?’

‘होईल. थोडा वेळ द्या, मावशी.’

सिस्टर गेली. आपल्या तोंडून काय निघून गेलं ते बाईंना तेव्हा कळलं आणि त्यांनी पटकन सरांकडे पाहिलं. सरांचे डोळे मिटलेलेच होते. बरं झालं, त्यांना वाटलं. नाहीतर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

पुढच्या एकदोन दिवसांत पिशवी हळूहळू भरू लागली. महिना मात्र सरांच्या किडनीसाठी थांबायला तयार नव्हता. शेवटच्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले. सरांचे डोळे मिटलेले होते. डॉक्टरांनी पिशवी पाहिली, रिपोर्ट पाहिला. ‘आउटपुट छान आहे. उद्या नळी काढू,’ एवढं बोलून ते पुढच्या पलंगाकडे वळले. बाईंनी हात जोडले. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला.

दुपारी भेटायच्या वेळेला विरलराव आले. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात कार्डांची पेटी. पेटी संध्याकाळी वरच्या कार्यालयात द्यायची होती. बाईंनी शिवलेला कोट त्यांच्या अंगात होता. त्यांनी सरांच्या प्रकृतीची चौकशी केली, मग बराच वेळ पेटीच्या झाकणावर बोटं वाजवली.

‘तुमचंही कोरं, माझंही कोरं,’ ते म्हणाले. ‘बरोबरीत सुटलो म्हणायचं.’

सर हसायला गेले, पण ते त्यांना साधलं नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या मानेची शीर उडताना बाईंना दिसली. किडनी वाचली होती आणि माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता. कुठलं सलाईन लावायचं याला?

‘कोरं कसं?’ बाई म्हणाल्या. ‘सकाळी डॉक्टर बोलले की. हे झोपले होते तेव्हा.’

विरलरावांची बोटं थांबली. ‘काय बोलले?’

‘म्हणाले, यांची अल्पमूत्रता उतरली, आता काळजी नाही.’

‘आपणहून?’

‘मी कशाला सांगू त्यांना? मला तर तो शब्द काखेत घट्ट वाटतो, हे तुम्हाला माहीत आहे.’

‘वहिनी,’ विरलराव हळूच म्हणाले, ‘ह्यांना बरं वाटावं म्हणून तर…’

‘भाऊजी, हा कोट शिवायला आला होतात तेव्हा मी तुम्हाला काय सांगितलं होतं?’

विरलरावांनी नकळत कोटाची बाही ओढली. ‘की माझा डावा खांदा उतरलेला आहे. कुठल्याही कोटाने तो झाकणार नाही.’

‘बायको शेजारी होती तुमची. तरी बोलले. बोलले ना?’

‘बोललात.’

‘मग? आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून मी काही बोललेलं तुमच्या तरी ऐकिवात आहे का?’

विरलरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. असं काही ऐकिवात नव्हतं. गावात कुणाच्याच ऐकिवात नव्हतं. आणि नियम बोलणाऱ्याबद्दल होता. ऐकणारा नातेवाईक नसावा, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पेटी उघडली, पुसट झालेलं कार्ड काढलं, खिशातलं शाईचं पेन काढलं आणि ते सरांपुढे धरलं. सरांच्या हाताला सलाईन होतं, तेव्हा विरलरावांनी स्वतःच मांडीवर कार्ड ठेवून वैऱ्याचा शब्द शाईने गिरवला. अक्षर सुंदर होतं त्यांचं. फुंकर घालून शाई वाळवली आणि पेटी उचलली.

‘विरल गेलं आमचं,’ ते दारात म्हणाले.

‘खांदा अजून तसाच आहे,’ बाई म्हणाल्या. ते ऐकून विरलरावांची उरलीसुरली शंकाही फिटली असावी.

ते गेल्यावर बाई फळं पिशवीतून काढून ठेवू लागल्या. सरांकडे पाठ होती तेच बरं होतं. त्यांचे कान तापले होते.

‘डॉक्टर तसं म्हणाले नाहीत,’ सर म्हणाले.

बाईंचा हात थांबला.

‘म्हणाले, आउटपुट छान आहे. मी जागा होतो.’

‘मग मघाशी बोलला का नाहीत? तुमचाच नियम ना?’

‘बोलणार होतो.’ सरांनी खोकून घसा साफ केला. ‘पण तू कधी नव्हे ते चुकीचं माप देत होतीस. माझ्यासाठी. ते मला सगळं ऐकायचं होतं.’

बाईंनी एक फळ उचललं, पुसलं आणि होतं तिथेच परत ठेवलं.

‘आणि त्या दिवशी तू सिस्टरला विचारलंस, तेव्हाही मी जागाच होतो,’ सर म्हणाले. ‘कुणी न शिकवता, न सुचवता. अगदी आपणहून. इतकी वर्षं वाट बघितली मी, कुणाच्या तरी तोंडून ऐकायची.’

‘मग तेव्हाच सांगायचं,’ बाई वळून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला होता. ‘तेवढ्याने भागलं असतं, तर मी आज माझं नाव कशाला बुडवलं असतं?’

‘नातेवाईक चालत नाही,’ सर म्हणाले.

बाईंनी वाकून पिशवीची रेघ पाहिली. ती चांगली वर आली होती. मग त्यांनी सरांच्या अंगावरची चादर ओढून नीट केली आणि तिची कड गादीखाली घट्ट खोचली.

‘शब्द काखेत अजूनही घट्टच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी प्या.’